विष्णू टेम्पलचा नकाशा: ग्रँड कॅन्यन कागदावर कसा उतरला

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनचा नकाशा उघडला की पूर्वेकडे विष्णू टेम्पल सापडतं. त्याच्या शेजारी कृष्ण श्राइन आणि राम श्राइन. पश्चिमेकडे सरकत गेलं की देवा, ब्रह्मा, मनू, बुद्ध आणि पुढे शिवा टेम्पल. ही देवळं नाहीत. लाल-पिवळ्या खडकाचे सुटे उभे डोंगर आहेत, आपल्याकडच्या सुळक्यांपेक्षा कितीतरी जाडजूड. ही यादी वाचून ‘बघा, आपली संस्कृती ॲरिझोनापर्यंत पोचली होती’ असा निष्कर्ष काढणारे व्हॉट्सॲपवर भेटतात. खरं कारण साधं आहे. क्लॅरेन्स डटन नावाचा लष्करी कॅप्टन तिथे खडकांचा अभ्यास करत होता. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे ते आकार त्याला पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले, आणि त्याने विष्णू आणि शिव ही नावं दिली. त्याचा ग्रंथ १८८२ साली छापला गेला. पुढच्या सर्वेक्षकांनी त्याचीच री ओढली. आपले देव संपले तेव्हा इजिप्तचे आले, उत्तर युरोपातले आले, कन्फ्यूशियसलाही एक डोंगर मिळाला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हवासुपाई, हुआलापाई आणि पायूट लोकांची स्वतःची नावं मात्र फारशी कोणी विचारली नाहीत.

नावांचा मुद्दा इथेच सोडतो, कारण त्याहून मोठा प्रश्न नावाखालच्या तपकिरी रेषांचा आहे. विमान नव्हतं, उपग्रह नव्हता, दरीत उतरायला धड वाट नव्हती. तरीही १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या दरीचा असा नकाशा तयार झाला, की प्रत्येक कडा, प्रत्येक घळ किती फूट उंचीवर आहे ते घरबसल्या वाचता यावं. हे केलं कसं?

आधी त्या रेषा म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या भूगोलात आपण त्यांना समोच्च रेषा म्हणायचो, ट्रेकर मंडळी कंटूर म्हणतात. मे महिन्यात भातसा किंवा तानसा तलावाच्या काठाला गेलात तर पाणी उतरताना काठावर एकाखाली एक पट्टे उमटलेले दिसतात. एक पट्टा म्हणजे पाणी एका पातळीवर असताना जमिनीला जिथे जिथे टेकलं होतं ती रेषा. तिच्यावरचा प्रत्येक बिंदू सारख्याच उंचीचा. काठ सपाट असेल तिथे पट्टे दूर दूर पडतात, खडा असेल तिथे एकमेकांना चिकटतात. असे पट्टे ठरावीक अंतराने सगळ्या डोंगरावर पडले आहेत अशी कल्पना करा आणि वरून बघा: झाला कंटूर नकाशा.

ही उंची मोजायची कुठून, हाही प्रश्नच आहे. नकाशात शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. भारताचं शून्य ठरवताना ज्या नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी वापरल्या त्यात मुंबईचं अपोलो बंदर होतं. तिथला भरतीमापक १८७८ पासूनच्या नोंदी देतो. कळसूबाईची १,६४६ मीटर उंची शेवटी अशा किनाऱ्यांवरच्या पाण्यापासूनच मोजलेली असते. शून्यापासून आत डोंगरापर्यंत उंची वाहून नेताना टप्प्याटप्प्याने खुणा करत जावं लागतं, आणि रेल्वेचा मार्ग यासाठी सोयीचा असतो, कारण रुळांच्या कडेने चढ-उतार हलका असतो आणि खुणा टिकतात. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठाला रेल्वे पोचली सप्टेंबर १९०१ मध्ये. नकाशाचं काम सुरू झालं १९०२ मध्ये.

त्याआधीही प्रयत्न झाले होते. १८५८ मध्ये लेफ्टनंट जोसेफ आयव्ह्‌स याची तुकडी दरीच्या पश्चिम भागात तळाशी उतरली. त्याने अहवालात लिहून ठेवलं, की या निरुपयोगी जागी येणारे आम्ही पहिले गोरे आणि बहुधा शेवटचेही. आज तिथे वर्षाला चाळीस-पन्नास लाख लोक जातात. त्याच्या तुकडीतल्या एग्लोफश्टाइनने डोंगरांवर तिरपा उजेड पडावा तशी छाया देऊन नकाशा केला. दिसायला सुंदर, पण छायेवरून ‘इथे खोल आहे’ एवढंच कळतं, किती खोल ते नाही. मग १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताचा माजी सैनिक नऊ माणसं आणि चार होड्या घेऊन कोलोरॅडो नदीतून संपूर्ण दरी पार करून गेला. धाडसाला तोड नाही. पण नदीतून प्रवास करणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या भिंती दिसतात आणि वर आभाळाची पट्टी. भिंतींमागे काय आहे ते त्याला दिसत नाही. दोन वर्षांनी पॉवेल पुन्हा आला तेव्हा त्याचा मेहुणा आल्मन टॉम्प्सन याने कनाब गावाजवळ आधाररेषा, म्हणजे अचूक अंतराची पहिली रेघ, मोजून रीतसर नकाशा सुरू केला. हाच पॉवेल पुढे १८८१ ते १८९४ अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा प्रमुख होता, आणि सगळ्या देशाचे कंटूर नकाशे हवेत हा आग्रह त्याचाच.

आणि मग येतो याच संस्थेचा सर्वेक्षक फ्रान्स्वा मॅथेस. ॲमस्टरडॅममध्ये १८७४ साली जन्मलेला, १८९१ मध्ये जुळ्या भावासह अमेरिकेत आलेला, एमआयटीतून इंजिनिअर झालेला. ग्रँड कॅन्यनचं काम मिळालं तेव्हा तिशीही ओलांडलेली नव्हती.

त्याचं मुख्य हत्यार होतं प्लेन टेबल. सिव्हिल डिप्लोमा केलेल्यांना हे माहीत असेल, कॉलेजच्या मैदानावर उन्हात उभं राहून केलेलं प्रॅक्टिकल. तिपाईवर बसवलेला ड्रॉइंग बोर्ड, त्यावर कागद, कागदावर अलिडेड म्हणजे दुर्बीण बसवलेली पट्टी. बस्स. आधी दोन ठिकाणं अशी घ्यायची ज्यांच्यातलं अंतर अचूक माहीत आहे. ती कागदावर मांडायची. पहिल्या ठिकाणी बोर्ड समतल करून, दिशा जुळवून, दुर्बिणीतून समजा विष्णू टेम्पलचा माथा धरायचा आणि पट्टीच्या कडेने रेघ मारायची. माथा या रेघेवर कुठेतरी आहे, कुठे ते अजून माहीत नाही. मग दुसऱ्या ठिकाणी जायचं, तिथून तोच माथा धरून दुसरी रेघ मारायची. दोन रेघा जिथे छेदतील तिथे विष्णू टेम्पल. तिसऱ्या ठिकाणाहून तिसरी रेघ मारून पडताळा घ्यायचा. त्या डोंगराला हातही न लावता त्याची जागा कागदावर पक्की होते. नकाशा जागेवरच तयार होतो, आणि चूक झाली तर समोरचा डोंगर लगेच सांगतो. प्लेन टेबलची खरी ताकद ही आहे.

आता उंची. अंतर कागदावरून मोजता येतं, दुर्बीण किती अंश खाली किंवा वर झुकली ते वाचता येतं. बाकी दहावीची त्रिकोणमिती. आठ किलोमीटरवरचा बिंदू ५ अंश खाली दिसत असेल तर ८,००० गुणिले टॅन ५, म्हणजे तो आपल्यापेक्षा सुमारे ७०० मीटर खाली. कोन वाचताना एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तर उत्तर सव्वादोन-अडीच मीटरने चुकतं. चालण्यासारखं आहे. पण एक चोर इथे लपलेला असतो. पृथ्वी गोल आहे, आणि हवा प्रकाशाला थोडं वाकवते. दोन्हींचा मिळून परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो: किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग गुणिले ०.०६७, तेवढे मीटर. दरीचे दोन काठ या भागात साधारण १६ किलोमीटर दूर आहेत. गणित करा, १७ मीटर येतात. मॅथेसच्या नकाशात दोन कंटूरमधलं अंतर होतं ५० फूट, म्हणजे सव्वापंधरा मीटर. ही दुरुस्ती विसरली तर समोरचा अख्खा काठ एक कंटूर खाली घसरला असता.

वाळवंटाने त्याला मदतही केली आणि छळलंही. सह्याद्रीत सर्वेक्षण करणाऱ्याला चार महिने पाऊस, नंतर गवत, कारवी, जंगल. जमीन दिसतच नाही. कॅन्यनच्या तळाशी वर्षभरात जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईत एवढा जुलैतल्या एखाद्या दिवसात कोसळून जातो. त्यामुळे खडक उघडा, हवा कोरडी, वीस-पंचवीस किलोमीटरवरचा कडाही स्वच्छ दिसतो. पण दुपारी तापलेल्या खडकांवरची हवा लहरते आणि दुर्बिणीतला डोंगर नाचायला लागतो. अशा वेळी वाचलेला कोन भरवशाचा नसतो. नेमकी मापं सकाळच्या शांत हवेत घ्यावी लागतात. आणि पाणी! नदी डोळ्यांना दिसते, पण ती असते दीड किलोमीटर खाली.

खरी अडचण आणखी वेगळी होती. एरवी सर्वेक्षक शिखरावर चढतो आणि भोवतालचा मुलूख खाली पसरलेला पाहतो. इथे मुलूख खड्ड्यात. काठावर उभं राहिलं की पुढचे डोंगर मागच्या दऱ्या झाकतात. दक्षिण काठावरून जे दिसत नाही ते उत्तर काठावरून दिसतं, म्हणून दोन्ही काठांवर बोर्ड मांडणं भाग. सरळ १६ किलोमीटर असलेला हा पल्ला आजच्या गाडीरस्त्याने वळसा घालून गेलं तर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातो. मॅथेसची तुकडी १९०२ च्या उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या एका वाटेने उतरली, होडीतून नदी ओलांडली, जनावरांना पोहत पलीकडे नेलं आणि उत्तर काठावर चढली. तो काठ सुमारे ३०० मीटर जास्त उंच, त्यामुळे थंडी लवकर. नोव्हेंबरमध्ये परत फिरायची वेळ आली तेव्हा तोच लांबचा मार्ग नको होता. नेमकी तेव्हाच ब्राइट एंजल घळीतून थकलीभागली दोन माणसं एका गाढवासह वर येताना दिसली. म्हणजे इथून वाट आहे तर! तुकडी तिथूनच उतरली. उतार इतका, की जनावरं मागच्या पायांवर बसून घसरत गेली. तळाशी ओढा तब्बल ९४ वेळा ओलांडावा लागला. उत्तरेकडून नदीपर्यंत जाणाऱ्या नंतरच्या वाटेचं मूळ या उतरणीत आहे.

त्या घळीतून वाट असणं हा योगायोग नव्हता. तिथे जमिनीत मोठा भ्रंश आहे, दोन्ही बाजूंचे थर वरखाली सरकलेत, त्यामुळे एरवी अखंड असलेले कडे तिथे मोडलेत. आपल्या घाटवाटांचंही असंच असतं. कड्याला भेग असते तिथून नाळ, म्हणजे अरुंद घळ, उतरते, आणि नाळ असते तिथून माणूस चढतो.

इथे मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती येते. नकाशावरची कंटूर रेषा कोणी पावलापावलावर मोजलेली नसते. मोजलेले असतात फक्त काही बिंदू: एखादा माथा, एखादी खिंड, कड्याचा कोपरा, नदीचं वळण. मधली सगळी रेषा सर्वेक्षक समोरच्या डोंगराकडे बघत हाताने काढायचा. बिंदू अचूक असूनही रेषा वाईट असू शकते. दोन बिंदूंच्या मध्ये उतार एकसारखा आहे असं धरून रेषा सरळसोट ओढल्या की नकाशा गणिताने बरोबर आणि डोळ्यांना खोटा होतो: कडा नाही, टप्पा नाही, नुसता गुळगुळीत उतार.

ग्रँड कॅन्यनमध्ये तर उतार एकसारखा कुठेच नाही. कठीण चुनखडक आणि वालुकाश्म उभे कडे करतात, मऊ शेल, म्हणजे चिखलाचा थरदार खडक, झिजून उतरणी करतात. रेडवॉल नावाचा चुनखडकाचा थर दीडशे मीटरच्या आसपास उंचीची उभी भिंत करतो. पन्नास फुटांच्या हिशेबाने तिथे दहा रेषा जवळजवळ एकमेकींवर चढतात. त्याखाली टॉन्टो नावाचा रुंद टप्पा, तिथे रेषा मोकळ्या. त्याखाली पुन्हा नदीची काळी घळ, तिच्यातला जुना खडक सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांचा, आणि त्याचंही नाव विष्णूच. हे थर मैलोन्‌मैल जवळजवळ आडवे पसरलेत. ज्याला थर ओळखता येतात त्याने रेडवॉलच्या माथ्याची उंची काही ठिकाणी मोजली की पुढे डोळ्यांनी तो थर धरून रेषा चालवता येते. मात्र ‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा. थर दक्षिणेकडे हलकेच कललेले आहेत, उत्तर काठ उंच असण्याचं कारणही तेच. आणि भ्रंशापाशी थर तुटून वरखाली होतो. तिथे नव्याने मापं घ्यावी लागतात. मॅथेसला हे उमगलं होतं. तो डोंगराचं चित्र काढत नव्हता, डोंगर कसा झिजला ते काढत होता. पुढे तो पूर्णवेळ भूगर्भशास्त्रज्ञच झाला. हिमनद्यांच्या अभ्यासात आज सर्रास वापरली जाणारी ‘छोटं हिमयुग’ ही संज्ञा १९३९ मध्ये त्यानेच रूढ केली.

सह्याद्री चढणाऱ्याला हे लगेच पटेल. खडक वेगळा, आपला बेसॉल्ट, लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. पण पायऱ्यांची रचना तीच: कडा, मग झाडीचा टप्पा, मग पुन्हा कडा. कसाऱ्याच्या लोकलमधून आसनगावच्या पुढे डोंगररांग दिसायला लागली की हे आडवे पट्टे खिडकीतूनच मोजता येतात.

मॅथेसचा नकाशा होता १:४८,००० प्रमाणाचा, कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ४८० मीटर. दक्षिण काठावरच्या वस्तीपासून नदी सुमारे १,३५० मीटर खाली, सरळ अंतर चार-पाच किलोमीटर. म्हणजे कागदावर आठ-दहा सेंटिमीटरच्या जागेत नव्वदच्या आसपास रेषा. सरासरी मिलिमीटरला एक, आणि कड्यापाशी तर त्याहून कितीतरी दाट. हे सगळं तांब्याच्या पत्र्यावर उलट्या बाजूने कोरलं जायचं. तपकिरी रेषांचा एक पत्रा, निळ्या पाण्याचा दुसरा, काळ्या रस्त्यांचा आणि नावांचा तिसरा. त्या कोरणाऱ्या कारागिरांबद्दल मला सर्वेक्षकाइतकाच आदर आहे. मॅथेस कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या कामाला गेल्यावर कॅन्यनच्या उरलेल्या भागाचं काम रिचर्ड इव्हान्सने पुढे नेलं. १९१९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा हातात मॅथेसचे नकाशे होते.

या पद्धतीची एक मर्यादा मॅथेसलाही ओलांडता आली नसती. कडा पूर्ण उभा असेल तर रेषा एकमेकींवर बसतात, आणि आत वळलेला असेल तर वरची रेषा खालचीच्या पुढे जायला हवी, म्हणजे रेषा एकमेकींना कापणार. वरून बघणाऱ्या नकाशात हे दाखवायला जागाच नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा याचं उत्तम उदाहरण. त्याची वाटीसारखी आत गेलेली बाजू कुठल्याच कंटूर नकाशावर खऱ्या अर्थाने सापडत नाही; तिथे नकाशाकार कड्याची वेगळी खूण काढून मोकळा होतो.

सत्तरच्या दशकात बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयाचा प्रमुख ब्रॅडफर्ड वॉशबर्न याने कॅन्यनच्या मध्यभागाचा नवा नकाशा हाती घेतला. हेलिकॉप्टर सुळक्यांच्या माथ्यावर उतरायचं, लेसरने अंतरं मोजली जायची, उंची हवाई छायाचित्रांवरून निघायची. कड्यांचं रेखाटन मात्र स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशा कार्यालयाच्या मदतीने झालं, कारण खडक काढणारे तरबेज हात तिथे होते. १९७८ मध्ये तो १:२४,००० प्रमाणात छापला गेला. लेसर आलं तरी खडक हातानेच काढला, हे मला फार आवडतं.

आणि आता आपल्या मोबाइलमधलं. ट्रेकिंगच्या बऱ्याच ॲपमधले कंटूर फेब्रुवारी २००० मधल्या अकरा दिवसांच्या रडार मोहिमेतून आलेत. एंडेव्हर अवकाशयानातून पृथ्वीचा मोठा भाग तेव्हा मोजला गेला. त्या माहितीचा एक ठिपका साधारण ३० मीटरचा, जुन्या आवृत्तीत ९० मीटरचा. ठिपक्याच्या आत जे आहे त्याची एकच उंची. त्यामुळे साठ मीटरचा उभा कडा ॲपवर नुसता तीव्र उतार म्हणून दिसू शकतो, अरुंद नाळ बुजून जाते, आणि खोल दरीत रडार पोचलंच नसेल तर तो भाग अंदाजाने भरलेला असतो. गणित तेच, बिंदू आणि मधली रेषा. फरक एवढाच, की मधली रेषा आता संगणक ओढतो आणि त्याला बेसॉल्ट कसा तुटतो ते माहीत नसतं.

म्हणून बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर चढायचं असेल तर ॲपवरच्या मोकळ्या रेषांवर विसंबू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची शीट ऑनलाइन मिळते. मुंबईचा बराच भाग ४७ ए/१६ वर आणि कुलाबा ४७ बी/१३ वर, त्याच मालिकेत सह्याद्रीही आहे. तिच्यात डोंगराळ भागात रेषा साधारण वीस मीटरला एक. आधी ओळखीच्या गडावर तिचा सराव करा. रेषा जिथे अचानक दाट होऊन एक काळपट पट्टा होतो तो कडा. तो पट्टा जिथे खंडित होतो तिथे नाळ असण्याची शक्यता. आणि ती नाळ चढण्याजोगी आहे का, ते गावातल्या माणसाला विचारा.